अँगस डेटन गेला, पण 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' संपला नाही

ब्रिटिश विनोदी कार्यक्रम आवडीने पाहणाऱ्यांमध्ये एक मत इतकं रुजलंय की आता ते कुणी तपासूनही पाहत नाही. पॅनल शो, म्हणजे दोन संघ बसवून प्रश्नांच्या निमित्ताने रंगवलेला विनोदी कार्यक्रम, हा त्याच्या सूत्रसंचालकावरच उभा असतो. तो बदलला की कार्यक्रम मेला, मग पुढे तो कितीही वर्षं चालू राहो. पुरावा म्हणून हमखास बीबीसीच्या 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू'चं नाव घेतलं जातं. २००२ मध्ये त्याचा पहिला सूत्रसंचालक अँगस डेटन याला काढलं आणि कार्यक्रमाचा जीव गेला. दर आठवड्याला नवा पाहुणा त्या खुर्चीत बसवणं म्हणजे हार मानणं. आणि त्याच खुर्चीने बोरिस जॉन्सनला पंतप्रधान केलं, असे मुद्दे त्यामागोमाग येतात. हा कार्यक्रम मला मनापासून आवडतो, आणि हे मत मला पूर्णपणे चुकीचं वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

ज्यांनी कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मधे सूत्रसंचालक, दोन बाजूंना दोन संघ. एका संघाचा कर्णधार इयन हिस्लॉप, म्हणजे 'प्रायव्हेट आय' या उपहासपर पाक्षिकाचा १९८६ पासूनचा संपादक. दुसऱ्याचा कर्णधार विनोदकार पॉल मर्टन. प्रत्येकाबरोबर एकेक पाहुणा, आणि आठवड्याभरातल्या बातम्यांवर प्रश्न. गुणांना कुणी महत्त्व देत नाही. प्रश्न हे फक्त बोलायला निमित्त.

"डेटनबरोबरच कार्यक्रम संपला." इथे साधं गणित पुरे आहे. पहिला भाग २८ सप्टेंबर १९९० रोजी बीबीसी टूवर दिसला. डेटनची कारकीर्द तिथपासून ऑक्टोबर २००२ पर्यंत, म्हणजे बारा वर्षांची. पाहुण्या सूत्रसंचालकांचा काळ दोन दशकांच्या पुढे गेला आहे. ज्याला लोक 'नंतरचं शेपूट' म्हणतात ते मूळ अंगापेक्षा कधीच लांब झालं. दर शुक्रवारी, बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर, एखादा कार्यक्रम केवळ सवयीने इतकी वर्षं टिकत नाही. २०२०च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद होते, तेव्हाही सगळ्यांना आपापल्या घरून जोडून त्यांनी भाग केले.

"डेटनसारखा हजरजबाबी माणूस पुन्हा मिळाला नाही." डेटन उत्तम होता, यात वाद नाही. बातमी देणाऱ्या निवेदकाचा इस्त्री केलेला चेहरा ठेवून तो विषारी वाक्य टाकायचा आणि डोळ्यांची पापणीही लवायची नाही. पण ती वाक्यं बहुतेक लिहिलेली असत. कार्यक्रमाला लेखकांचा संच होता, आहे. पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेला जॉन ओफॅरल त्यांपैकीच एक. विनोद दुसऱ्यांनी लिहिलेत आणि तू समोरच्या पडद्यावरून वाचतोयस, यावरून मर्टन आणि हिस्लॉप डेटनला कॅमेऱ्यासमोरच छेडायचे. डेटनला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. लिहिलेलं वाक्य नेमक्या क्षणी सोडणं हे मोठं कसब आहे. पण ज्या गोष्टीला लोक 'डेटनची बुद्धी' म्हणून रडतात तिचा मोठा भाग लेखकांच्या खोलीत तयार होत होता, आणि ती खोली डेटनबरोबर गेली नाही.

उत्स्फूर्त म्हणावं असं जे काही घडतं ते मुख्यतः दोन्ही बाजूंच्या टेबलांवर. मर्टन एखादा वेडगळ धागा पकडतो आणि ताणत ताणत भलतीकडे नेतो. हिस्लॉप कागदपत्रं वाचलेल्या पत्रकाराच्या रागाने बोलतो. ही दोन माणसं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की मधे कुणीही बसलं तरी ओढाताण होतेच. कार्यक्रमाचा कणा तो आहे. १९९३ मध्ये मजूर पक्षाचा नेता रॉय हॅटर्सली पुन्हा एकदा ऐनवेळी आला नाही, तेव्हा त्याच्या जागी डुकराच्या चरबीचा डबा ठेवून त्यांनी भाग उरकला. तो भाग आजही कार्यक्रमाच्या सर्वांत गाजलेल्या भागांमध्ये मोजला जातो.

"डेटनवर अन्याय झाला, त्याला ठेवायला हवं होतं." या मुद्द्यात माणुसकी आहे, म्हणून सबुरीने उत्तर देतो. मे २००२ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या भानगडी छापणाऱ्या साप्ताहिक वृत्तपत्राने त्याच्या खासगी आयुष्याविषयी, अमली पदार्थांसह, सनसनाटी बातमी छापली. पुढच्या भागात मर्टनने सदऱ्याची बटणं सोडली, तर आत त्याच पानाचा टी-शर्ट. डेटनने ते सगळं सोसलं आणि तो टिकला. ऑक्टोबरात आणखी बातम्या आल्या, आणि तेव्हा मात्र बीबीसीने त्याला दूर केलं. खासगी आयुष्यासाठी माणसाची नोकरी जावी का, हा प्रश्न मलाही अस्वस्थ करतो. पण कार्यक्रमाच्या बाजूने पाहिलं तर अडचण खरी होती. मंत्र्याच्या भानगडीवर प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच त्या आठवड्याची भानगड असेल, तर त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येणार. आलंही. एकदा ते मजेदार असतं, महिनोन्महिने नाही.

"पाहुणे सूत्रसंचालक ही केवळ वेळ मारून नेणं." सुरुवातीला ती वेळ मारून नेणंच होती, हे मान्य. डेटन गेल्यावर पहिल्या भागात मर्टननेच सूत्रं घेतली. मग टीव्ही सूत्रसंचालक अ‍ॅन रॉबिन्सन, हुजूर पक्षाचा माजी नेता विल्यम हेग, लिबरल डेमोक्रॅट्सचा चार्ल्स केनेडी असे एकेक जण येऊन गेले. निर्मात्यांनी कायमचा माणूस शोधायचं ठरवलं होतं. पण पाहुण्यांमुळे कार्यक्रमाला मिळालेली ऊर्जा त्यांनी पाहिली आणि २००३ मध्ये पद्धत तीच ठेवली. तडजोड म्हणून सुरू झालेली गोष्ट निवड म्हणून टिकली, आणि माझ्या मते ती या कार्यक्रमाच्या इतिहासातली सर्वांत शहाणी निवड होती.

डेटनच्या काळात चेष्टेचं बोट खुर्चीकडून बाहेर रोखलेलं असे. आता दर आठवड्याला खुर्चीतला माणूसही निशाण्यावर असतो, आणि वेगळ्या कारणासाठी. राजकारणी असेल तर हिस्लॉप त्याची जुनी विधानं काढतो. नट असेल तर मर्टन त्याच्या भूमिकेचा गाभाच बदलून टाकतो.

२००३ मध्ये ब्रूस फोर्साइथ आला. वय पंचाहत्तर, एके काळचा मनोरंजनसम्राट, तेव्हा बऱ्यापैकी बाजूला पडलेला. अमेरिकी सैन्याने इराकमधल्या फरारी माणसांची चित्रं खेळायच्या पत्त्यांवर छापली होती. फोर्साइथने त्या पत्त्यांचा त्याच्या जुन्या 'प्ले युअर कार्ड्स राइट' या खेळाच्या धर्तीवर खेळ मांडला. मर्टन आनंदाने त्यात उतरला, हिस्लॉपचा चेहरा मात्र हे काय चाललंय असा. युद्धाच्या बातम्यांनी लोक सुन्न झाले होते आणि हा म्हातारा त्यांना शनिवार रात्रीच्या करमणुकीच्या खेळात ओढत होता. ते भयंकर होतं आणि अतिशय विनोदी होतं. कोणताही कायमचा सूत्रसंचालक असता तर तो भाग झालाच नसता. पुढच्याच वर्षी 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' ही नृत्यस्पर्धा सुरू झाली आणि त्याच्या सूत्रसंचालनासाठी फोर्साइथची निवड झाली.

दुसरा भाग नोव्हेंबर २०१७चा. वेस्टमिन्स्टरमधल्या, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या, लैंगिक छळाच्या तक्रारी बाहेर येत होत्या. सूत्रसंचालक विनोदकार जो ब्रँड. बाकी चौघेही पुरुष. आरोपांपैकी काही फार गंभीर नाहीत अशा रोखाने हिस्लॉप बोलला आणि हशा पिकला. ब्रँडने तो हशा तिथेच थांबवला. गोष्ट 'मोठी' नसली तरी रोज सतत टोचलं जात राहिलं तर बाई पोखरून निघते, असं तिने शांतपणे सांगितलं. पुरुष गप्प झाले, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्चीतली सत्ता तिने ज्या कामासाठी वापरली त्याचा विचार करा. डेटनच्या काळात मधली खुर्ची आणि दोन्ही कर्णधार, तिन्ही कायमच्या जागा पुरुषांकडे होत्या. पाहुण्यांच्या पद्धतीमुळे निदान एक जागा मोकळी झाली, आणि तिथे बसलेल्या बाईने कार्यक्रमालाच आरसा दाखवला.

काही पाहुणे फसले, हेही खरंच. काहींना वाचताही धड येत नाही, काही जण विनोदाआधी स्वतःच हसतात. पण दर वेळी अनोळखी चेहरा असतो ही समजूत अर्धवट आहे. अलेक्झांडर आर्मस्ट्राँग सर्वांत जास्त वेळा त्या खुर्चीत बसला आहे. जो ब्रँड, जॅक डी, व्हिक्टोरिया कोरेन मिचेल पुन्हा पुन्हा येतात. नेहमीचे भरवशाचे आणि मधूनच एखादा धक्का, असं मिश्रण आहे ते.

"या खुर्चीने बोरिस जॉन्सनला पंतप्रधान केलं." हा आरोप सर्वांत जास्त फिरतो, आणि यात तथ्याचा अंशही आहे. जॉन्सनने चार वेळा सूत्रसंचालन केलं, त्याबद्दल त्याला बाफ्टा या ब्रिटिश टीव्ही पुरस्काराचं नामांकनही मिळालं, आणि गोंधळलेला, विसराळू, लाडका माणूस ही त्याची प्रतिमा लाखो घरांत पोचली. पण ती प्रतिमा त्या खुर्चीत जन्मली नाही. तो पहिल्यांदा आला १९९८ मध्ये, पाहुणा म्हणून, आणि मधे डेटन बसला होता. त्याच भागात हिस्लॉपने डॅरियस गपी या मित्राबरोबरच्या त्याच्या जुन्या फोनवरच्या संभाषणाचा विषय काढला: एका पत्रकाराला मारहाण करायच्या बेताबद्दलचं संभाषण. म्हणजे जॉन्सनला सर्वांत कठीण प्रश्न याच कार्यक्रमात विचारला गेला. प्रेक्षकांनी प्रश्न ऐकला आणि तरी त्यांना माणूस आवडला. शिवाय हेग आणि केनेडी त्याच खुर्चीत बसले. त्यांच्यासाठी डाउनिंग स्ट्रीटचं, म्हणजे पंतप्रधानांच्या घराचं, दार उघडलं नाही. राजकारण्यांना विनोदी कार्यक्रमात बोलवावं का, हा वाद घालण्यासारखा आहे, पण त्याचा सूत्रसंचालक बदलण्याशी संबंध नाही.

"'बझकॉक्स' बघा, 'क्यूआय' बघा." सूत्रसंचालक गेला की पॅनल शोचं काय होतं, याची उदाहरणं म्हणून ही नावं पुढे येतात. बघू या. 'नेव्हर माइंड द बझकॉक्स'मधून सायमन अ‍ॅमस्टेल २००९ मध्ये गेला; बीबीसीने कार्यक्रम बंद केला २०१५ मध्ये. मधली काही पर्वं पाहुण्यांनी चालवली, पण शेवटच्या पर्वाला ऱ्हॉड गिल्बर्ट हा कायमचा सूत्रसंचालक होता. म्हणजे कायमचा माणूस आणून कार्यक्रम वाचला नाही. 'क्यूआय'मधून स्टीफन फ्राय गेला, २०१६ मध्ये सँडी टॉक्सविग आली, आणि दर पर्वाला वर्णमालेतलं पुढचं अक्षर घेत कार्यक्रम पुढे सरकत राहिला. तिथली चीड आणणारी गोष्ट वेगळीच: आपल्याला फ्रायच्या मानधनाच्या ४० टक्केच मिळतात, हे टॉक्सविगने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. आणि 'वुड आय लाय टू यू?' तर या मताच्या मुळावरच येतो. त्याचा पहिला सूत्रसंचालक होता खुद्द डेटन. दोन पर्वांनंतर, २००९ मध्ये रॉब ब्रायडन आला आणि कार्यक्रम खऱ्या अर्थाने त्यानंतर बहरला. ली मॅक आणि डेव्हिड मिचेल हे कर्णधार मात्र पहिल्या दिवसापासून तेच आहेत.

"मग सीएनएनने अमेरिकी आवृत्तीला कायमचा सूत्रसंचालक का दिला?" २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या आवृत्तीत रॉय वुड ज्युनियर आहे, हे बरोबर. पण तिथे अँबर रफिन आणि मायकल इयन ब्लॅक हे कर्णधारही त्या भूमिकेत नवे होते. प्रेक्षकांना धरून राहायला एक तरी ओळखीची जागा हवी. लंडनमध्ये ती जागा दोन्ही बाजूंना आधीच भरलेली होती.

म्हणून काळजी करायचीच असेल तर मधल्या खुर्चीकडून नजर काढून बाजूला वळवा. मर्टन १९९६ मध्ये एका पर्वासाठी बाहेर होता. त्याच्या जागी पाहुणे कर्णधार आले आणि निभावलं, कारण समोर हिस्लॉप होता. हिस्लॉपने आजवर एकही भाग चुकवलेला नाही. दोघांनीही साठी ओलांडली आहे. ते दोघेही नसतील तेव्हा हा कार्यक्रम काय करतो, याची चाचणी अजून झालेलीच नाही.