दिसते तसे नसते : एक्सेल, वर्ड आणि आपली कार्यालयीन मराठी

कार्यालयीन सॉफ्टवेअर झपाट्याने कसे वापरावे हे सांगणाऱ्या बहुतेक लेखांत शॉर्टकटची एक लांबलचक यादी असते. शॉर्टकट उपयोगी असतात, पण त्यांनी वाचतात ते सेकंद. महिनाअखेरीस बेरीज जुळत नाही म्हणून किंवा वार्षिक सभेच्या आदल्या रात्री अनुक्रमणिकेतील पृष्ठक्रमांक हाताने बदलावे लागतात म्हणून जे तास जातात, त्यांचे मूळ निराळे आहे. माझ्या मते ते असे की, मजकूर डोळ्यांना नीट दिसला की काम झाले असे आपण समजतो आणि ती संख्या आहे, तारीख आहे, शीर्षक आहे की नुसता मजकूर, हे सॉफ्टवेअरला सांगायचे राहून जाते.

एक्सेलमध्ये याचा फटका सर्वांत आधी बसतो. जमिनीच्या नोंदींची यादी करताना सर्व्हे नंबर १२/३ असा लिहून एंटर दाबले की तिथे १२ मार्च उमटतो. चिडून त्या सेलचे फॉरमॅट टेक्स्ट केले तरी १२/३ परत येत नाही, तर एक पाच अंकी संख्या दिसू लागते. कारण एक्सेल प्रत्येक तारीख १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात साठवते आणि १२ मार्च २०२४ चा क्रमांक ४५३६३ आहे. मूळ नोंद तोवर नाहीशी झालेली असते. म्हणून सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, पावती क्रमांक यांचे कॉलम मजकूर भरण्याआधीच निवडून टेक्स्ट करून घ्यावेत. ही अडचण केवळ तलाठी कार्यालयापुरती नाही. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसत असल्याने एक्सेल त्यांच्या तारखा करत असे, आणि जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अखेर ती नावेच बदलली. त्याविषयीची मार्गदर्शक सूचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी एका सॉफ्टवेअरपुढे हात टेकले, याचे मला अजूनही नवल वाटते.

बँक खात्यांच्या बाबतीत हीच चूक अधिक महागात पडते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला तर शेवटच्या अंकाचे शून्य होते, आणि क्रमांकाच्या सुरुवातीला असलेले शून्य गळून पडते. ज्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही, असे खाते क्रमांक, मोबाईल क्रमांक, पिनकोड हे सारे टेक्स्टच असावेत. बाहेरून आलेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल) डबल क्लिक करून उघडली तरी हीच मोडतोड होते. ती डेटा टॅबमधून आयात करावी आणि तिथेच कोणता कॉलम टेक्स्ट आहे ते सांगावे.

तारखांचे उलटे आहे. त्या तारखा असायला हव्यात आणि नेमक्या त्याच नसतात. ५.४.२०२४ असे टिंबे देऊन लिहिणे ही आपली कागदावरची सवय, पण आपल्याकडच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्सेलला तो नुसता मजकूर वाटतो आणि क्रमवारी लावली की वर्षांची सरमिसळ होते. संगणकाचे रिजन, म्हणजे प्रदेशाचे सेटिंग, अमेरिकन राहिले असेल तर घोटाळा आणखी खोल जातो : ५/४/२०२४ म्हणजे ४ मे ठरते, तर १३/४/२०२४ ला तेरावा महिना नसल्याने ती मजकूर म्हणून पडून राहते, म्हणजे एकाच कॉलममध्ये चुकीच्या तारखा आणि तारीख नसलेल्या तारखा शेजारीशेजारी नांदतात. ओळखायची खूण सोपी आहे. एक्सेल संख्या व तारखा आपणहून उजवीकडे लावते आणि मजकूर डावीकडे. म्हणून छान दिसावे यासाठी कॉलम मधोमध करण्यापूर्वी एक नजर टाकावी. रिजन इंग्लिश (इंडिया) असे निवडले की तारखांचा क्रम दिवस, महिना, वर्ष असा होतो आणि रकमांतील स्वल्पविरामही लाख-कोटींच्या रीतीने पडतात. आधीच बिघडलेल्या कॉलमसाठी डेटा टॅबमधील टेक्स्ट टू कॉलम्स उघडून तिसऱ्या पायरीवर डेट आणि डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडावे. मात्र मजकूर राहिलेल्या तारखाच त्याने सुधारतात. मे झालेला एप्रिल मूळ फाईलवरूनच पुन्हा घ्यावा लागतो.

सोसायटीच्या देखभाल वर्गणीच्या तक्त्यात ज्यांनी पैसे भरले त्यांचे सेल हिरवे करायची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. रंगावरून सूत्राला बेरीज करता येत नाही. ‘भरले’ किंवा ‘बाकी’ असे लिहिणारा एक स्वतंत्र कॉलम ठेवावा आणि रंग हवाच असेल तर तो कंडिशनल फॉरमॅटिंगने त्या शब्दावरून येऊ द्यावा. सेल मर्ज करण्याची हौस मथळ्यापुरती ठीक. आतल्या नोंदींत ती केली की सॉर्ट अडते आणि फिल्टर अर्धवट ओळी दाखवते. त्यापेक्षा कंट्रोल-टी दाबून यादीचे टेबल करावे. मग नवी ओळ भरली की टेबलावर बेतलेली सूत्रे आणि कॉलममधील गणिते तिला आपोआप सामावून घेतात.

वर्डबद्दल थोडक्यात सांगतो. अक्षर मोठे आणि ठळक केल्याने शीर्षक होत नाही. हेडिंग स्टाईल दिली तरच अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पाने सरकली तर एका क्लिकवर अद्ययावत होते. नवे पान हवे असेल तर एंटर दाबत खाली न जाता कंट्रोल-एंटर वापरावे. लांब तक्त्याचा मथळा प्रत्येक पानावर हवा असेल तर ‘रिपीट हेडर रोज’ (Repeat Header Rows) हा पर्याय आहे. तरीही प्रत्येक पानावर मथळा पुन्हा टंकणारी माणसे मी पाहतो.

मराठी टंकलेखनात ही गफलत सर्वांत जुनी आहे. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर संगणकाजवळ प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरेच असतात. फॉन्ट त्यांना मराठीचा पोशाख घालतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो पोशाख उतरतो, ‘मराठी’ हा शब्द शोधून सापडत नाही, आणि एक्सेलमध्ये नावांची क्रमवारी त्या रोमन अक्षरांप्रमाणे लागते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतःचा संकेतांक देणारी जागतिक पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे, तरी आजही जुन्या फॉन्टमधील परिपत्रके फिरतात. यात दोष टंकलेखकांचा कमी आणि जुन्या टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेल्या हातांना दुसरा पर्याय न दाखवणाऱ्या व्यवस्थेचा जास्त, असे मी मानतो. रेमिंग्टन मांडणी ठेवूनही युनिकोडमध्ये लिहिता येते. त्यासाठी इनपुट टूल मिळतात. नव्याने शिकणाऱ्यांनी मात्र विंडोजमध्ये आधीच असलेला इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड घ्यावा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतांश व्यंजने उजव्या हाताला येतात, आणि हीच मांडणी गुजराती किंवा कन्नडसाठीही चालते. जुन्या फाईली कन्व्हर्टरने बदलता येतात, पण बदललेल्या मजकुरातील रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय मूळ फाईल पुसू नये.