शाल पांघरून 2060 मध्ये

आमची भाची एमए सोशॉलॉजी करून राहिली. हवामान बदलाबद्दल लोकांशी बोलायचं कसं, पुढच्या पिढ्यांचा विचार त्यांच्या डोक्यात घालायचा कसा, असा काहीतरी तिचा विषय आहे. विषय चांगलाच आहे, माझी तक्रार एवढीच का प्रश्नावली आधी कोणावर तरी ट्राय करून पाहावी लागते आणि असा माणूस म्हणजे मामा, तेही मे अखेरचा नवतपा सुरू, दुपारचे दोन वाजलेले आणि कूलरचा पंप सकाळपासून बंद.

बसल्याबसल्या तिनं मोबाइलमध्ये टेम्परेचर पाहिलं आणि वहीत लिहिलं, 45. म्हटलं हे कायले? तर म्हणे, 2011 चा एक अभ्यास आहे, दिवस नेहमीपेक्षा गरम वाटला का लोकांचा ग्लोबल वॉर्मिंगवर विश्वास वाढतो, म्हणून उत्तरासोबत तापमान पाहिजे. हे मात्र पटलं बाप्पा. 2024 च्या 30 मे ला इथं नागपुरात एका ऑटोमॅटिक हवामान केंद्रानं 56 डिग्री दाखवलं, सेन्सरच बिघडला होता हे नंतर कळलं, पण त्या दिवशी आमच्या गल्लीत एकालाही शंका आली नाही, उलट एकजण म्हणे एवढंच? तर मी तिला सांगितलं, आत्ता तू म्हणशील त्या स्टॅम्प पेपरवर सही करतो, खरं उत्तर पाहिजे तर डिसेंबरात ये, मी गच्चीवर उन्हात संत्री सोलत बसलेला असतो तेव्हा विचार.

पुढचा प्रश्न, तुमच्या पणतूच्या काळाची काळजी किती वाटते, एक ते पाच. म्हटलं पंपाची पाच वाटते, पणतूसाठी काही उरलं नाही. पोट्टी खूश! एल्के वेबर म्हणून मानसशास्त्राच्या बाई आहेत म्हणे, त्यांचंही हेच म्हणणं, माणसाजवळ काळजीचा साठा मर्यादित असतो, एक काळजी वाढली का दुसरी कमी होते. मला वाटलं होतं मी आळशी आहे, मी तर थिअरी निघालो.

मग म्हणे, मेल्यावर लोकांनी तुमची आठवण कशी काढावी यावर चार ओळी लिहा. 2015 मध्ये अमेरिकेत लोकांना असंच लिहायला लावलं तर त्यांनी पर्यावरणाच्या कामाला जास्त पैसे दिले. मी पेन घेऊन बसलो, घाम कागदावर टपकून राहिला, आणि सुचेना काही. आपल्याकडे पिढ्यांचा विषय निघतो तो दोनच वेळा, सात पिढ्या बसून खातील एवढं कमवायचं असेल तेव्हा आणि भांडणात कोणाच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार करायचा असेल तेव्हा. सात पिढ्या बसतील कुठं, कूलरसमोर का झाडाखाली, हे कोणी विचारत नाही. शेवटी लिहिलं, 'माणूस बरा होता.' तिनं वाचलं आणि दानाचा कॉलम रिकामाच ठेवला.

आता खरा छळ सुरू झाला. जपानमध्ये याहाबा नावाचं गाव आहे, तिथं 2015 मध्ये गावाच्या पुढच्या योजनांवर चर्चा ठेवली, काही लोकांना सांगितलं तुम्ही 2060 ची माणसं आहात असं समजून बोला. असे भावी रहिवासी झालेल्यांना तिकडं अंगात घालायला खास झगे देतात, आणि लोक चक्क पाणीपट्टी वाढवायला तयार झाले. पाणीपट्टी! आपल्याकडं तर भूत अंगात आलं तरी माणूस हे म्हणणार नाही. आमच्या घरी झगा कुठला, म्हणून पोट्टीनं कपाटातून माझ्या सत्काराची शाल काढली. लोकरीची. 45 डिग्रीत.

शाल पांघरली, डोळे मिटले. म्हणे बोला, 2060 चे नागरिक, 2020 च्या आसपास या घरात जो माणूस राहत होता त्याच्याबद्दल काय वाटतं? आता गरमीनं म्हणा का लोकरीनं म्हणा, मी सुरूच झालो. म्हटलं तो भैताड होता, अंगणात एवढा मोठा कडुनिंब होता, दुपारभर सावली, यानं गाडी लावायला जागा पाहिजे म्हणून तोडला आणि खाली सिमेंट टाकलं, आता तिथं गाडीही तापते आणि घरही, कूलर काय करणार, बाहेरून येणारी हवाच भट्टीची... मी बोलून राहिलो आणि पोट्टी भराभर लिहून राहिली, 'उत्स्फूर्त प्रतिसाद' खाली दोन रेघा मारून.

तेवढ्यात आमच्या सौ. पन्हं घेऊन आल्या. आधी माझ्याकडं पाहून घाबरल्या, ऊन लागलं का म्हणून कपाळाला हात लावला, कांदा आणायला वळल्या, मग पोट्टीनं सगळं समजावून सांगितलं, जपान, झगे, कडुनिंब. सौ. नी ग्लास टेबलावर ठेवला.

"झाड तोडायच्या आधी महिनाभर मी हेच सांगून राहिली होती. तेव्हा ती कटकट होती."

पोट्टीचं पेन थांबलं. "मामी, तुमचीही मुलाखत घेऊ?"

"घे ना. पण पहिले त्या 2060 च्या नागरिकाले म्हण, पंप चालत नसेल तर कूलरच्या ताट्यांवर मगानं पाणी टाक."

मी उठलो. बादली भरताना लक्षात आलं, शाल अजून अंगावरच होती.