आत्याच्या फोनला रेडिओ हवा

आज सोलापूरच्या नवी पेठेत आत्यासाठी फोन बघायला गेले होते. अक्षरं मोठी, आवाज मोठा, बॅटरी टिकणारी आणि रेडिओ लागणारा, एवढ्याच अटी. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "रेडिओ कोण ऐकतंय मॅडम आता? ॲप टाकून देतो की, जगातली सगळी स्टेशनं लागतील." म्हटलं, आणि नेट गेलं तर? "नेट कशाला जातंय?"

पुढच्या दुकानातही तेच. तीन-तीन कॅमेरे असलेले फोन, रेडिओ नाही. घरी येऊन जेवले, भांडी आवरली, तरी डोकं शांत झालं नाही म्हणून इथे लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

नेट कशाला जातंय!

२०२५ चा सप्टेंबर इतक्या लवकर विसरलो का आपण? सीना नदीला तसं पाणी कुणी बघितलं नव्हतं. लांबोटीला पुणे हायवे थांबला होता. माढा, मोहोळ, करमाळ्यात गावंच्या गावं पाण्यात. आत्याचं गाव त्याच सीनेच्या काठचं. वीज आधीच गेलेली, मग टॉवर बंद पडला. आणि टॉवर बंद पडायच्या आधी गावाच्या ग्रुपवर शेवटचं काय आलं असेल? एक व्हिडिओ. धरणाची भिंत फुटून पाण्याचा लोंढा खाली येतोय, आणि खाली लिहिलेलं, वरचं धरण फुटलं, दोन तासांत पाणी पोचतंय, पळा.

खरं की खोटं, विचारायचं कुणाला? फोन लागत नाही, तलाठ्यापर्यंत रस्ता नाही. कुणीतरी देवळाची घंटा बडवली आणि अख्खी वस्ती रात्रीच्या पावसात माळावर निघाली. लेकरं कडेवर, जनावरं दाव्याला तशीच. आत्या बांधावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सकाळपर्यंत माळावर ताडपत्रीखाली पडून होती.

धरण फुटलेलं नव्हतं. तो व्हिडिओ कुठल्यातरी दुसऱ्या मुलखातला, कित्येक वर्षांपूर्वीचा. पाणी मारुतीच्या पायरीशी येऊन थांबलं. आत्याच्या घराच्या उंबऱ्याला थेंब लागला नाही.

मला त्या व्हिडिओ पाठवणाऱ्या माणसाचा राग येत नाही. तोही घाबरलेलाच असणार. राग येतो तो त्या व्हिडिओवर धंदा करणाऱ्यांचा. असल्या मजकुराने माणसं मरतात हे त्यांना २०१८ पासून माहीत आहे. धुळ्याचं राईनपाडा आठवा. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. देशभर असे बळी गेले, तेव्हा कंपनीने काय केलं, तर एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आणि कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९ वं कलम म्हणतं की लोकांनी टाकलेल्या मजकुराला प्लॅटफॉर्म जबाबदार नाही, काही अटी पाळल्या की झालं. २०२१ मध्ये नियम आले तेव्हा त्यात होतं, तक्रार अधिकारी नेमा, चोवीस तासांत पोच द्या, पंधरा दिवसांत निकाल लावा. पंधरा दिवस! आत्याला पंधरा मिनिटं नव्हती.

सरकारने खरं-खोटं ठरवावं असं मी म्हणत नाही. सरकारबद्दलचं खोटं कोणतं हे सरकारनेच ठरवायचं, असली तपासणी शाखा मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, बरंच झालं. आज हे लोक, उद्या दुसरे, कात्री कुणाच्याच हातात नको. आणि त्याच पुरात चारा, चादरी, भाकरी सगळं मोबाईलवरूनच गोळा झालं, तेही मान्य.

पण म्हणून दुसऱ्या बाजूचा, रेडिओचा आवाज बंद पाडायचा?

आतोबा होते तेव्हा गोठ्यातल्या खुंटीला ट्रान्झिस्टर अडकवलेला असायचा. सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की धारा काढता काढता ऐकायचे, मध्ये कुणी बोललं तर हाताने गप्प करायचे. त्या आवाजाला गावात मान होता. आकाशवाणीने सांगितलं म्हणजे सांगितलं. सरकारची तळी उचलते ती, माहितीये मला, लगेच कमेंटमध्ये येऊ नका. तरी ट्रान्झिस्टरला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. दोन सेल घातले की अंधारातसुद्धा एकच गोष्ट एकाच वेळी सगळ्या गावाला ऐकू येते. आपलं सोलापूर केंद्र १०३.४ वर आहे, आपल्याच मातीतलं, आपल्याच बोलीतलं. आणि ते ऐकवणारा स्मार्टफोन आज मला दुकानात मिळाला नाही!

यात खरं संतापजनक काय आहे सांगू? बऱ्याच फोनच्या आतल्या चिपमध्ये एफएमची सोय असते. कंपनी ती जोडत नाही, नाहीतर बंद करून ठेवते. इयरफोनची वायर हीच अँटेना, म्हणजे खर्चही फार नाही. पण रेडिओ फुकट ऐकला तर डेटा कोण जाळणार? २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन कंपन्यांच्या संघटनांना कळवलं होतं की एफएम असेल तर बंद करू नका, नसेल तर द्या, आपत्तीत उपयोगी पडतो. नुसती सूचना. सक्ती नाही, दंड नाही. आज नवी पेठेत मी त्या सूचनेचा परिणाम बघून आले.

आणि सक्ती करता येत नाही असं कुणी सांगू नये. क्रिकेटसाठी करता येते ना? २००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाचा सामना असेल तर खाजगी चॅनेलला त्याचं थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागतं. हक्क कितीही कोटींना घेतलेले असोत. का, तर गरिबाला सामना बघता यावा. चांगला कायदा आहे, माझा भाऊ त्याच्याच जीवावर सामने बघायचा. मग सामन्यासाठी कंपन्यांना वाकवता येतं आणि पुरासाठी येत नाही?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंतांच्या खंडपीठाने सांगून ठेवलंय की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आपला मराठी माणूस. तोही खटला क्रिकेटच्याच प्रक्षेपणाचा होता. जनतेची मालमत्ता डोक्यावरून वाहतेय आणि जनतेच्या हातातल्या पंधरा हजारांच्या यंत्राला ती पकडता येत नाही.

प्रसार भारतीने २०२४ मध्ये वेव्हज नावाचं ॲप काढलं. जुन्या मालिका वगैरे, असू दे. पण ॲपला नेट लागतं, तिथेही शेवटी टॉवरवरच येऊन अडकतो आपण. ते कर्कश वाजणारे आपत्तीचे इशारे, २०२३ मध्ये चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन ओरडले होते ते, चांगलेच आहेत. त्यांनाही टॉवर लागतो.

साध्या बटणाच्या फोनमध्ये रेडिओ असतो, तो घ्या, असं दुकानातला पोरगा शेवटी म्हणाला. खरंय त्याचं. पण आत्याचा नातू पुण्यात आहे. रोज रात्री त्याचं तोंड बघितल्याशिवाय ती झोपत नाही. म्हाताऱ्या बाईने नातू बघायचा की जीव वाचवायचा, यातलं एक निवडायला का लावायचं?

लिहिता लिहिता मघाशी आत्याला फोन केला. वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते आता. तिला विचारलं, त्या रात्री तुला सगळ्यात जास्त कशाचा राग आला? म्हणाली, "राग कशाचा बाय? कुनीतरी मोठ्यानं सांगायला पायजे व्हतं, धरण शाबूत हाय म्हनून. आमी घरातच बसलो असतो." मग म्हणाली, तुझं जेवण झालं का.

मोठ्याने सांगायला कुणीतरी बसलेलं मात्र लागतं. पुराच्या रात्री सोलापूरच्या माइकसमोर सोलापूरचा माणूस हवा, रात्री दोन वाजतासुद्धा. कलेक्टर कचेरीतून आलेला धरणाचा आकडा त्याने दर अर्ध्या तासाला वाचावा, गावांची नावं घेऊन. त्यासाठी केंद्रांना माणसं लागतात, कायमची माणसं. आणि आपल्याकडे उलटी तऱ्हा. २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभागच बंद करायला निघाले होते. लोक ओरडले तेव्हा स्थगिती मिळाली. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्या आहेत तशा लावायच्या. म्हणजे रेडिओवर बातमी सांगणारा दुसरा कुणी नाही, आणि जो आहे त्याचीच माणसं कमी करायची.

आपले खासदार-आमदार माझ्या इथल्या मित्रयादीत आहेत, त्यांची माणसंही आहेत. फोनमध्ये एफएम सक्तीचं करा, एवढा एक प्रश्न सभागृहात विचारा. पाऊस पुन्हा येणार आहे, सीना तिथेच आहे.

आणि एक काम आहे. आतोबांचा ट्रान्झिस्टर माळ्यावर सापडला. सेलच्या जागी गंज चढलाय, आवाज खरखर येतो. सोलापुरात अजून जुने रेडिओ दुरुस्त करणारं कुणी असेल, तर कोणत्या पेठेत, किती वाजेपर्यंत दुकान उघडं असतं, ते खाली लिहा. शनिवारी आत्याकडे जायचंय.