जामीन कोण राहणार?

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. गावात चोरीच्या संशयावरून धरलेल्या पोराला चौथ्या दिवशी जामीन मिळाला. काका उसळले, "अशी सोडायला लागले तर धाक राहील कुणाला?" इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये बसून ते वाचताना मला अण्णांची कापडी पिशवी आठवली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा शेजारच्या शेतमजुराला जामीन राहिले होते. सातबारा, रेशनकार्ड, ऐपतीचा दाखला पिशवीत घालून तालुक्याला तीन खेपा झाल्या. तोवर तो आतच. नात्यात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, एवढाच त्याचा दोष.

'जामीन राहणे' असं आपण म्हणतो, कारण मूळ अरबीत तो शब्द हमी घेणाऱ्या माणसाचा आहे. इंग्रजी 'बेल' फ्रेंचमधून आला, अर्थ सोपवणं. त्याच्याही मागे लॅटिनमधला ओझं वाहणारा हमाल आहे. दोन्हीकडे मुळात कुणाचा तरी खांदा. आपण त्याचा सातबारा केला.

इथल्या कोर्टात प्रेक्षकांच्या बाकावर बसून मी एक सुनावणी पाहिली. आरोपी विशीतला. बहिणीकडे राहायचं, रात्री घराबाहेर पडायचं नाही, आठवड्यातून तीनदा पोलीस ठाण्यात हजेरी. पैशाचा विषयच निघाला नाही. १९७६ च्या कायद्याने इथे जामीन हा नियम ठरवला आणि हजर राहण्यासाठी आरोपीकडूनच रकमेची हमी लिहून घेणं बंद केलं. सगळं छान आहे असं नाही; खटले रखडल्याने इथेही कच्चे कैदी, म्हणजे निकाल लागण्याआधीच आत असलेले, वाढलेत.

आपल्याकडे १९७८ मध्येच मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वाट दाखवली होती. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला, तर मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. तरी २०२२ अखेर भारतीय तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चेच होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटनसारख्या स्वतंत्र जामीन कायद्याचा विचार करा, असं सरकारला सुचवलं. पुढे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आला, त्यात पहिल्यांदाच सापडलेल्याला गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ आत काढल्यावर सुटकेची सोय झाली. पण मुळात इतके दिवस आत का?

काकांना मी लिहिलं: पोरगा कुठे राहतो, कामाला कुणाकडे जातो, पळून जाईल का, हे कोर्टाने आधी विचारावं. जमीन किती, ते नंतर. काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.