साखळीची बेडी की बिजागरीची? धुळ्याच्या वाचकाला उत्तर

राम राम भाऊ,

'कैदी पार्टीसाठी बेडी कोणती घ्यावी' या माझ्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. (कैदी पार्टी म्हणजे आरोपीला कोर्टात-कारागृहात नेणारी-आणणारी पोलिसांची तुकडी.) इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. साखळीच्या बेडीची, म्हणजे दोन कड्या साखळीने जोडलेल्या बेडीची, मी केलेली शिफारस म्हणजे जुन्यालाच धरून बसणं. बिजागरीची (कड्या बिजागरीने जोडलेली) किंवा दांड्याची (मध्ये ताठ दांडा असलेली) बेडी घातली की माणूस हलत नाही, परदेशात तीच वापरतात. डबल लॉक, म्हणजे बेडी लावल्यावर चावीच्या टोकाने करायचं दुसरं कुलूप, ही कागदावरची चैन आहे, झटापटीत वेळ कुणाला असतो. आणि १ जुलै २०२४ पासून कायद्यानेच बेडी घालायची मुभा दिल्यावर आरोपीच्या मनगटाचं एवढं कौतुक कशाला. शेवटी "हे खुर्चीत बसून लिहिलंय" असा टोला आहे. तो ठेवून घेतो, बाकीच्यांना उत्तर देतो.

जिथे तुमचं बरोबर आहे तिथून सुरुवात. "बेडी पडताच डबल लॉक करा" असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. धरपकड चालू असताना चावीचं टोक बारीक भोकात शोधत बसणारा शिपाई स्वतःचं नाक फोडून घेईल. बरोबर क्रम असा: दोन्ही हात बेडीत, मग माणूस शांत, एकाने साखळी मुठीत धरलेली, दुसऱ्याने आधी अंगझडती आणि मग दोन्ही कड्यांचं डबल लॉक. लेखातलं वाक्य बदललं आहे.

पण "चैन" मात्र मान्य नाही. बेडीच्या कडीतली फिरणारी, दाते असलेली एकेरी पाती समोरच्या दुहेरी पात्यात शिरते तेव्हा आतला खटका दातांवर अडकतो. हा खटका पातीला मागे येऊ देत नाही, पुढे मात्र जाऊ देतो. म्हणजे साधी लावलेली बेडी फक्त घट्टच होऊ शकते. आरोपी सीटला टेकला, गाडी खड्ड्यात आदळली, त्याने स्वतः हिसका दिला, की एक दात पुढे. चोपड्याहून जळगावला पोचेपर्यंत असे दोन-तीन दात गेले की बोटं सुजतात, अंगठ्याच्या मागची बाजू बधिर होते. मनगटाच्या त्या बाजूला एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो, तो तिथे दाबला जातो. हाडाला काही झालेलं नसतं, पण बधिरपणा आठवडेच्या आठवडे राहू शकतो, आणि वैद्यकीय तपासणीच्या कागदावर तो येतो.

दुसरी बाजू तुम्हाला जास्त पटेल. साध्या लॉकचा खटका पातळ पत्र्याच्या तुकड्याने फसवता येतो, हे सराईतांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. डबल लॉक खटक्यालाच जागेवर जखडतं, मग पाती ना पुढे सरकते ना मागे. मनगटाइतकीच ही तुमच्या नोकरीची काळजी आहे. आरोपी पळाला तर खातेनिहाय चौकशी बेडी बनवणाऱ्याची होत नाही.

आता मुख्य मुद्दा, साखळी की बिजागरी. तुम्ही बेडीची ताकद मोजता, मी बेडी हातात किती तास राहणार ते मोजतो. आपला वाद तिथेच आहे.

अटकेच्या क्षणाला बिजागरी सरस, हे मी कबूल करतो. साखळीच्या बेडीत दोन कड्यांमध्ये फिरकीवर फिरणारे दोन-तीन दुवे असतात, मनगट वळतं, हात थोडे एकमेकांपासून दूर जातात. बिजागरीत मनगट वळतच नाही, आरोपीची बोटं चावीच्या भोकापर्यंत पोचणं अवघड होतं. दांड्याची बेडी त्याहून पुढची: मधला ताठ भाग धरून नुसता वळवला तरी माणूस ताब्यात येतो. सातपुड्याच्या हद्दीवर गावठी कट्ट्यांची कारवाई आहे, समोरचा अंगावर येणारा आहे, आपले दोन या बेडीचा सराव असलेले गडी आहेत आणि ठाणं अर्ध्या तासावर आहे, तर बिजागरीच घ्या. ब्रिटनच्या पोलिसांत दांड्याची बेडी रुळली ती अशाच कामासाठी, आणि तीही सरावाची उजळणी ठेवून. न शिकलेल्या हातात तोच दांडा मनगट मोडायचं हत्यार होतो.

पण आपल्याकडे बेडीचे बहुतेक तास अटकेत जात नाहीत, प्रवासात जातात. धडगावहून शहादा, नंदुरबारहून धुळे, जळगावहून नाशिकरोड कारागृह, तिन्ही जिल्ह्यांतून संभाजीनगरचं खंडपीठ. भुसावळला गाडी बदलायची असेल तर फलाटावरचे तास वेगळे. एवढ्या वेळात माणसाला पाणी लागतं, खायला लागतं, लघवीला जावं लागतं. बिजागरीची बेडी हात पुढे घेऊन लावली तरी बाटली तोंडाला नीट लागत नाही, पायजम्याची नाडी सुटत नाही. मग तुम्ही बेडी काढता. आणि पार्टीच्या हातून आरोपी निसटण्याचा खरा धोका बेडी हातात असताना नसतो, ती काढताना आणि परत लावताना असतो. साखळीच्या बेडीत, हात पुढे ठेवून, यातलं बहुतेक बेडी न काढता होतं. सहा तासांच्या प्रवासात कुलूप कमी वेळा उघडतं, हे माझ्या शिफारशीचं पहिलं कारण.

हात मागे बांधून लांबचा प्रवास करवू नका, बेडी कुठलीही असो. माणूस टेकला की स्वतःचं वजन मनगटावर घेतो, आणि ब्रेक लागला तर तोंडावर पडतो, हात टेकायला मोकळे नसतात. पालथं झोपवून हात मागे ठेवणं तर श्वासाच्याच जिवावर बेततं. झटापटीत पालथं पाडलं असेल तर बेडी लागताच कुशीवर वळवा, मग उठवून बसवा.

तुमची एक सूचना मला धोक्याची वाटते: "एक कडी आरोपीच्या हातात, दुसरी शिपायाच्या." आपल्याकडे हे सर्रास दिसतं. आरोपीने चालत्या रेल्वेतून उडी घेतली तर शिपाईही जातो. शिपायाचा एक हात कायमचा अडकतो, आणि झटापट झाली तर तोही बेडीतच. त्याऐवजी दोन्ही हात बेडीत, साखळीच्या मधल्या दुव्याला दोरी, दोरीचं टोक शिपायाच्या मुठीत. कमरेला किंवा मनगटाला गुंडाळलेलं नको, नुसतं मुठीत. बिजागरीच्या बेडीला ही दोरी नीट बसत नाही, कडेला ओढली जाते आणि सगळा ताण एकाच मनगटावर येतो. गाडीच्या दांड्याला, सीटला किंवा खिडकीच्या गजाला बेडी अडकवणं तर नकोच. अपघात झाला किंवा गाडीने पेट घेतला तर चावी शोधायला वेळ नसतो.

चावीवरून आठवलं. पार्टीत दोन चाव्या हव्यात, दोन माणसांकडे. एक पार्टीप्रमुख हवालदाराच्या खिशात, दुसरी आरोपीपासून लांब बसणाऱ्याकडे. कोर्टाच्या दारात "चावी कोठे शे?" असं एकमेकांना विचारायची वेळ येते ती एकच चावी असल्यामुळे. निघण्याआधी त्याच चावीने तीच बेडी उघडून बघा. एकाच खोक्यातल्या सगळ्या बेड्यांना एकच चावी लागेल हे गृहीत धरू नका. डबल लॉक सोडताना चावी आधी उलट्या बाजूला फिरवायची, मग उघडायच्या बाजूला. हे माहीत नसलेला माणूस जोर लावतो आणि चावीचा दात आतच मोडतो.

लावण्याच्या पद्धतीबद्दल वर्तमानपत्रांशी माझं जुनं भांडण आहे. 'बेड्या ठोकल्या' हा शब्द लोहार रिव्हिट ठोकायचा तेव्हाचा, पण काही जण तो अजून शब्दशः घेतात आणि पाती मनगटावर आपटतात. आपटली की ती हाडावर लागते आणि कधीकधी उलटी फिरून लागतच नाही. पाती मनगटाला टेकवून दाबायची, ती स्वतः गोल फिरून दातात शिरते. जागा मनगटाच्या वर आलेल्या हाडावर नाही, हाड आणि तळहात यांच्या मधल्या बारीक भागावर. हात मागे असतील तर तळवे बाहेर, चावीची भोकं कोपराकडे. मग बेडी आणि मनगटात आपल्या तर्जनीचं टोक घालून बघा. शिरलं तर ठीक, शिरलं नाही तर एक दात सैल. दोन बोटं शिरली तर हात निसटेल. त्यानंतर डबल लॉक, आणि लॉक झाल्याची खात्री म्हणून पाती दाबून बघणं. वेळ लिहून ठेवा, दर अर्ध्या तासाने बोटांचा रंग, सूज आणि अंगठ्याचा बधिरपणा बघा. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. आरोपी तसा रुग्ण असल्याचं सांगत असेल तर थट्टेवारी नेऊ नका, रक्तप्रवाह अडेल इतकी घट्ट बेडी त्याला जास्त महागात पडते.

उन्हाबद्दल तुम्ही थट्टा केलीत, "बेडीलाही टोपी घाला का?" मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं पोलाद त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि काळ्या रंगाची बेडी चकचकीत बेडीपेक्षा लवकर. पाकिटात, सावलीत ठेवा, आणि लावण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. चटका बसला तर पाण्यातून काढा.

खरेदीबाबत मात्र तुम्ही माझा लेख नीट वाचलेला नाही. अलीगढच्या मालाला मी नाक मुरडलेलं नाही, कुलपं बनवणाऱ्या त्या गावात चांगली बेडीही बनते. माझं म्हणणं एवढंच होतं की खोकं उघडून प्रत्येक नग तपासून घ्या. पाती वीस वेळा गोल फिरवा, कुठेही अडकता कामा नये. रिव्हिटपाशी खेळ नको. डबल लॉक करून पाती दाबा, एकही दात सरकता कामा नये. कड्यांच्या आतल्या काठावरून कापसाचा बोळा फिरवा. आपल्याकडे कापसाची कमी नाही. धागे अडकले तर काठ धारदार आहे, तो नग परत. पूर्ण बंद केलेल्या कडीचा आतला घेर फितीने मोजा आणि सडपातळ मनगटाशी ताडून बघा. पोलादावर निकेलचा मुलामा असलेली बेडी स्वस्त पडते, पण दातांपाशी मुलामा आधी उडतो आणि घामाने तिथेच गंज धरतो. जास्त वापर असेल तर स्टेनलेस बरी.

देखभालीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे तेल. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत भरपूर तेल घातलेली बेडी आठवड्यात चिखल धरते, खटका उठत नाही आणि दात अर्धवट पकडतात. महिन्यातून एकदा रॉकेलमध्ये टूथब्रशने घासा, उन्हात वाळवा, रिव्हिटवर आणि खटक्यावर पातळ मशीन ऑइलचा एकेक थेंब, मग फडक्याने कोरडं पुसा. धूळ फारच असेल तर तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड.

मोर्च्यासाठी बेडीऐवजी मनगटाला आवळायच्या नायलॉनच्या पट्ट्या घ्याव्यात का, हे विचारलंत. घ्या, सामूहिक अटकेसाठी त्या सोयीच्या. पण त्यांना डबल लॉक नसतं, त्या फक्त घट्ट होतात, म्हणून कापायचा सुरक्षित कटर पार्टीतल्या दोघांकडे असू द्या. गाडीच्या छपरावर उन्हात ठेवलेलं खोकं वापरू नका, नायलॉन ठिसूळ होतं. इलेक्ट्रिशियनच्या केबल टायने काम भागवू नका, ती अरुंद पट्टी कातडीत रुतते.

राहिला कायदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये शब्द "वापरू शकेल" असा आहे, "वापरील" असा नाही. यादीही ठरलेली आहे: सराईत किंवा पुन्हा पुन्हा गुन्हा करणारा, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, बनावट नाणी-नोटा, मानवी तस्करी, मुलांवरचे लैंगिक गुन्हे, राज्याविरुद्धचे गुन्हे. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते, ते नंतर वगळले. म्हणजे पतसंस्थेच्या घोटाळ्यातल्या संचालकाला केवळ फोटोसाठी बेडी घालणं या कलमात बसत नाही. आणि मुभा दोनच वेळांची आहे, अटक करताना आणि न्यायालयात हजर करताना. दवाखान्यातल्या खाटेचा उल्लेख त्यात नाही. कलम ४६ तर सांगतंच की पळून जाऊ नये याला लागेल त्यापेक्षा जास्त जखडायचं नाही. प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने बेडीची कारणं लिहून न्यायाधीशांसमोर ठेवायला सांगितलं, आणि १९९५ च्या आसामच्या निकालात कारागृहातून कोर्टात नेताना-आणताना दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल असं म्हटलं. म्हणून आदेश आधी मागून घ्या आणि स्टेशन डायरीत "आरोपी पळून जाण्याची शक्यता" असं छापील वाक्य नको: आधी कधी पळाला, कुठून पळाला, ते लिहा. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर बाल न्याय नियमांप्रमाणे बेडी घालताच येत नाही, तिथे लहान मापाची बेडी शोधू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न जाड मनगटाच्या पैलवानाचा. पहिल्याच दातावर कडी बसत असेल तर ती बसलेली नाही असंच समजा, किमान दोन-तीन दात आत गेले पाहिजेत. मोठ्या मापाच्या बेडीचा एक नग ठाण्यात असू द्या. खांदे रुंद असल्यामुळे हात मागे जुळत नसतील तर साखळीच्या दोन बेड्या एकमेकींत अडकवून लावा, आणि चारही कड्यांचं डबल लॉक करा.