डार्विनला तालुक्याच्या ठिकाणी कसं हरवावं

दर वर्षी १२ फेब्रुवारीच्या आसपास तुमच्या गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात पंचवीस-तीस माणसं जमतात आणि डार्विन नावाच्या एका इंग्रजाचा वाढदिवस साजरा करतात. केक नसतो. शाल-श्रीफळही नसतं, कारण ते विवेकात बसत नाही. पाहुण्यांना पुस्तक देतात, जे त्यांच्याकडे आधीपासून असतं. बऱ्याचदा ते त्यांनीच लिहिलेलं असतं. हे सगळं तुमच्या नाकासमोर चाललंय आणि तुम्ही घरात बसून फॉरवर्ड ढकलताय. या वर्षी जाच. मात्र तयारीने जा. नुसत्या श्रद्धेवर विसंबून जाऊ नका, तिथे ती चालत नाही.

पत्रिकेवर साडेपाच लिहिलं असेल तर सव्वासहाला पोचा. तोवर माइकवर फक्त 'हॅलो, हॅलो, चेक' चालू असतं. मग डफावर एक चळवळीचं गाणं होतं, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, जो पाहुणे स्वतः लक्षपूर्वक ऐकतात. मधे नरेंद्र दाभोलकरांना अभिवादन होईल, तेव्हा सगळ्यांबरोबर उभे राहा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांच्यावर ज्यांनी गोळ्या झाडल्या ते सभेला प्रश्न घेऊन आले नव्हते. तुम्ही प्रश्न घेऊन आलाय, एवढ्यावरही आयोजक तुम्हाला चहा पाजतील.

आता मंचामागचा फ्लेक्स बघा. डावीकडून उजवीकडे चाललेली एक रांग: चार पायांवरचं माकड, मग वाकलेलं, मग जरा कमी वाकलेलं, आणि शेवटी ताठ मानेचा पुरुष. हे चित्र आयोजकांनी स्वखर्चाने तुमच्यासाठी छापून घेतलंय. अमेरिकेत १९६५ साली एका लोकप्रिय पुस्तकात आलेली ही रांग जगभर इतकी गाजली, की डार्विनच्या विरोधकांना वेगळा प्रचार करावाच लागला नाही. डार्विनने स्वतःच्या वहीत १८३७ साली काढलं होतं ते फांद्या फुटलेलं झाड. आजची माकडं एका फांदीवर, आपण दुसरीवर, खोड एक. म्हणजे नातं चुलत्यांचं. पण फ्लेक्सवाल्याकडे झाडाचं डिझाइन तयार नव्हतं आणि त्याला लग्नाचे बॅनर उरकायचे होते. त्यामुळे 'माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून शिल्लक कशी?' हा तुमचा हुकमी एक्का. उत्तर द्यायचं तर वक्त्याला आधी आपल्याच पाठीमागचा फ्लेक्स खोटा ठरवावा लागतो. ती धांदल डोळे भरून पाहा. यावर कुणी आगाऊपणाने विचारलंच, की तुमचे चुलते हयात असताना तुम्ही कसे जन्माला आलात, तर 'वैयक्तिक बोलायचं काम नाही' असं ठणकावा.

व्याख्यान संपलं की घोषणा होईल, 'प्रश्न कृपया चिठ्ठीवर लिहून द्यावेत.' चिठ्ठी घेऊ नका. चिठ्ठीवर फक्त प्रश्न मावतो, आणि तुम्हाला प्रश्न कुठे विचारायचाय? हात वर करून माइक मागा, आणि हातात आला की तो सोडू नका. 'मी स्वतः विज्ञानाचा विद्यार्थी आहे' अशी सुरुवात करा. बारावीनंतर कॉमर्सला गेला असलात तरी त्याने काही बिघडत नाही. मग म्हणा, 'छोटासा प्रश्न आहे, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी.' पार्श्वभूमी निदान ऋग्वेदापासून सुरू व्हायला हवी.

अमेरिकेत ड्युएन गिश नावाचे एक जीवरसायनशास्त्रज्ञ होऊन गेले, सृष्टी देवानेच घडवली असं मानणारे. ते वादात एका दमात इतके आक्षेप घ्यायचे, की युजिनी स्कॉट या बाईंनी त्या पद्धतीला 'गिशची दौड' असंच नाव ठेवलं. हिशोब साधा आहे. आक्षेप घ्यायला दहा सेकंद लागतात, खोडायला दहा मिनिटं, आणि हॉल साडेआठला रिकामा करायचा असतो. तुम्हीही सात-आठ आक्षेपांची मोळी बांधून न्या. वक्त्याने सहा खोडले, तर उरलेले दोन तुम्ही जिंकलात.

मोळीत काय काय घालावं? डोळा घाला. डोळ्यासारखी गुंतागुंतीची गोष्ट नैसर्गिक निवडीने तयार झाली असं म्हणणं अत्यंत विसंगत वाटतं, हे खुद्द डार्विनने लिहून ठेवलंय. एवढं वाचा आणि पुस्तक मिटा. लगेच पुढे तो साध्या प्रकाशसंवेदी पेशींपासून पायरीपायरीने डोळा कसा घडू शकतो ते समजावत बसलाय. तिकडे नजर गेली तर सगळी मेहनत वाया. मग उष्मागतिकीचा दुसरा नियम घाला: जगात अव्यवस्था वाढतच जाते, मग जीव सुधारले कसे? हा आक्षेप भारदस्त आहे आणि संध्याकाळी घेतलेला बरा, कारण पृथ्वीला बाहेरून ऊर्जा मिळत असते आणि ती देणारा सूर्य त्या वेळी मावळलेला असतो. शेवटी हळव्या श्रोत्यांसाठी डार्विनचा मृत्युशय्येवरचा पश्चात्ताप. तो १८८२ साली वारला, आणि पश्चात्तापाची कथा १९१५ साली छापून आली. त्याच्या मुलीने, हेन्रिएटाने, ती साफ खोटी असल्याचं १९२२ साली लिहून दिलं. पण मुलींचं म्हणणं हल्ली कोण ऐकतो?

एक प्रश्न मात्र जपून विचारा: 'मधले दुवे दाखवा.' वक्ता निवृत्त बँक अधिकारी असेल तर खुशाल विचारा. भूशास्त्राचा प्राध्यापक असेल तर चुकूनही नको. तो तुम्हाला थेट कच्छला नेईल, जिथे मागचे पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे जीवाश्म सापडलेत. तिथून काश्मीरला. रंगा राव नावाच्या भारतीय भूशास्त्रज्ञाने तिथे गोळा केलेले खडक वर्षानुवर्षं न फोडता पडून होते. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते थ्युइसन नावाच्या अमेरिकेतल्या संशोधकाकडे सोपवले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाजवळचं जाड हाड दिसलं, अगदी देवमाशात असतं तसं. प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा. २००७ साली हे सगळं रीतसर छापून आलं. म्हणजे तुम्ही एक दुवा मागायचा आणि समोरच्याने अख्खा कळप आणून हॉलमध्ये सोडायचा, असा हा प्रकार आहे.

त्याहून वाईट म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा. वरोरा तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात डायनासोरांची हाडं सापडतातच, शिवाय दगड झालेली विष्ठाही सापडते. ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा तिच्यात गवताचे सिलिकाचे कण मिळाले. डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतं, अशी तोवर शास्त्रज्ञांची समजूत होती. २००५ साली त्यांनी ती मुकाट्याने बदलली. चुकलो म्हणायला या लोकांना लाज कशी वाटत नाही, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. तुमच्यासाठी सल्ला एवढाच, की शेणाचा विषय निघू देऊ नका. आपल्याकडे शेणाला मान आहे. मागच्या रांगेतली पेंगणारी माणसंसुद्धा जागी होऊन ऐकू लागतात.

पण खरं सांगू? विरोध ही पद्धतच मुळात आपली नाही. ती अमेरिकेची. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावात उत्क्रांती शिकवली म्हणून स्कोप्स नावाच्या शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला. गावच्या व्यापाऱ्यांनी औषधांच्या दुकानात बसून हा खटला मुद्दाम घडवून आणला होता, गावाचं नाव व्हावं म्हणून. झालं. अजून होतंय. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने 'बुद्धिमान रचना' असं नवं लेबल लावून तोच, सृष्टी देवाने घडवल्याचा, माल वर्गात नेला. न्यायालयात ज्या पाठ्यपुस्तकाचे जुने खर्डे हजर झाले, त्यांत 'निर्मितीवादी' खोडून 'रचनावादी' करताना एका ठिकाणी दोन्ही शब्दांची खिचडी तशीच राहून गेली होती. मंडळ खटला हरलं, सदस्य निवडणूक हरले, आणि वकिलांच्या खर्चापोटी दहा लाख डॉलरच्या आसपास भुर्दंड बसला. केंटकीत तर २०१६ साली बायबलातल्या महापुरात तरलेली नोहाची नौका पाचशे दहा फूट लांबीची बांधून तिच्यात पिंजऱ्यातले डायनासोर ठेवलेत. तीन वर्षांनी त्याच नौकेच्या मालकांनी पावसाने नुकसान झालं म्हणून विमा कंपन्यांवर दावा लावला. तुर्कस्तानातल्या एका गृहस्थांनी निर्मितीचा जाडजूड सचित्र ॲटलास छापून युरोपभर फुकट पाठवला. त्यातल्या एका कीटकाच्या फोटोत मासेमारीचा गळ दिसत होता. उत्क्रांतीच्या बाबतीत जगात सर्वधर्मसमभाव केव्हाच आलाय, फक्त कारागिरी कच्ची आहे.

आपली कारागिरी पक्की. आपण डार्विनला नाकारत नाही, आपण त्याला मांडीवर घेतो. 'अहो, हे तर आमच्या दशावतारात आहेच!' आधी पाण्यातला मत्स्य, मग जमीन-पाणी दोन्हीकडचा कूर्म, मग वराह, मग अर्धा प्राणी नरसिंह, मग ठेंगणा वामन, मग परशू हाती घेतलेला परशुराम. वाक्य संपेपर्यंत हॉलमध्ये टाळ्या पडतात, बऱ्याचदा आयोजकांच्याही. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती. तिथे आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू हेच बोलले, दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत म्हणाले. कौरव टेस्ट ट्यूब बेबी होते, हे त्याच भाषणात. तालुक्याच्या वाचनालयात मग तुम्हाला कोण अडवणार?

दोन खड्डे मात्र ध्यानात ठेवा. पहिला: मत्स्यावतार, कूर्मावतार आणि आजचं विज्ञान ही जोडी जुळवून दाखवणाऱ्या पहिल्या मंडळींत होत्या थिऑसॉफिकल सोसायटीवाल्या मॅडम ब्लाव्हॅट्स्की. जन्माने रशियन, पुस्तक छापलं न्यूयॉर्कला, साल १८७७. त्या मुंबईला उतरल्या १८७९ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. तेव्हा हजारो वर्षांचं हे ज्ञान आपल्याला इंग्रजाच्या ग्रंथानंतर अठरा वर्षांनी, एका रशियन बाईकडून, व्हाया अमेरिका मिळालं. स्वदेशीचा मुद्दा मांडताना एवढा प्रवास सांगत बसू नका. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. पायऱ्या म्हणून अवतार लावले, की राम आणि परशुराम समोरासमोर येतात. मग एखादं वात्रट पोर तुमचाच एक्का तुमच्यावर फेकतं: रामावतार झाला, तर परशुराम अजून शिल्लक कसे? आणि ते चिरंजीव आहेत, हे तर आजीनेच सांगितलेलं असतं.

जाहीर भाषणाचे धोकेही समजून घ्या. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनाला सत्यपाल सिंह आले होते. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, रसायनशास्त्र शिकलेले, आणि तेव्हा केंद्रात शिक्षण खातं सांभाळणाऱ्या मंत्रालयाचे राज्यमंत्री. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलं नाही, सांगितलं नाही, सबब डार्विन चूक, अभ्यासक्रम बदला, असं ते म्हणाले. साक्षीदाराशिवाय गुन्हा शाबीत होत नाही ही पोलिसी शिस्त त्यात आहे आणि मला तिचा आदर आहे. खरं म्हणजे साक्षीदार नसताना ठशांवरून माग काढायला पोलिसांइतकं कोण शिकलंय, पण ते जाऊ दे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या, ज्यांचं एरवी एका कागदावर एकमत व्हायला ऋतू लागतात, त्यांनी चटकन संयुक्त निवेदन काढलं. वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकरांनीही त्यांना आवरतं घ्यायला सांगितलं.

यातून शिका. मंत्र्याला जे भाषणाने जमलं नाही ते एका समितीने आवाज न करता केलं. कोविडच्या काळात मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातली उत्क्रांती उचलली आणि आनुवंशिकता ठेवली. भार गेला, कोविड गेला, उत्क्रांती काही परत आली नाही. अठराशेहून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी २०२३ मध्ये पत्र लिहिलं. उत्तर मिळालं, की बारावीच्या जीवशास्त्रात हा धडा आहेच. आहे ना! दहावीनंतर जे जीवशास्त्र घेतात त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी एकमेकांना चुलत भाऊ म्हणून ओळखण्याची गरजच काय?

आमच्या राज्य मंडळाचं ऐकून मात्र तुम्ही हबकाल. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. जीवाश्म, अवशेषांगे, जोडणारे दुवे, सगळं छापलंय. पण तो काढा म्हणून मोर्चा नेऊ नका. क्लासच्या नोट्समध्ये त्या पुराव्यांचे मुद्दे पाडून दिलेले असतात, पोरं ते आदल्या रात्री पाठ करतात, पेरिपॅटस आणि डकबिल प्लॅटिपसला लाल पेनाने अधोरेखित करून येतात आणि पैकीच्या पैकी गुण घेतात. त्यांतलाच एखादा पुढे इंजिनिअर होतो, फ्लॅट घेतो, सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी तुमच्यामागोमाग वाचनालयात येऊन 'मी स्वतः विज्ञानाचा विद्यार्थी आहे' म्हणत माकडांबद्दल विचारतो. त्याच्यासाठी शेजारी एक खुर्ची रुमाल टाकून धरून ठेवा, त्याला पार्किंग मिळायला वेळ लागतो.