पांडा की रिव्हर्स पांडा?

क्रोनोग्राफ घ्यायचं म्हटलं की हल्ली जो तो पांडा मागतो. पांढरी डायल, त्यात काळ्या सबडायल, म्हणजे डायलमधल्या छोट्या तबकड्या. रिव्हर्स पांडा याच्या बरोबर उलटा. मागणी मला पटते, पण "दिसतो भारी" हे कारण पटत नाही.

क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच. तास-मिनिटांचे काटे, स्टॉपवॉचचा मधला लांब सेकंद काटा आणि वर सबडायल: एकीत चालू सेकंद, दुसरीत 30 मिनिटं, तिसरीत 12 तास. हे सगळं एकाच रंगावर आलं की नुसती खिचडी. सबडायलना उलटा रंग दिला की वेळ कुठे बघायची आणि मोजलेला वेळ कुठे, हे डोळ्याला शोधावं लागत नाही. शर्यतीच्या गाडीत याचा उपयोग होता. 1963 साली आलेल्या रोलेक्स डेटोनाने तर टॅकीमीटर, म्हणजे वेग मोजायची पट्टीही, डायलवरून उचलून बेझलवर, डायलभोवतीच्या कड्यावर नेला. (एक किलोमीटरला 36 सेकंद लागले की काटा 100 वर, म्हणजे वेग ताशी 100. एक्सप्रेसवेवर करून बघा, पण गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने.)

याच डेटोनाची चौकोनी खुणांची 'एक्झॉटिक' डायल त्या काळी फारशी खपत नव्हती. मग ती हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनच्या मनगटावर दिसली. बायकोने दिलेलं, मागे 'ड्राइव्ह केअरफुली मी' (गाडी जपून चालव, – मी) कोरलेलं त्याचं पांडा घड्याळ 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. हे पैसे न्यूमनच्या मनगटाचे होते, पण भाव खाल्ला पांडाने.

तेव्हापासून पांडाच्या नावावर काहीही चालतं. 2016 ची सिरॅमिक बेझलवाली पांढरी डेटोना घ्या. सबडायलभोवती नुसती काळी कडी, आत पांढरंच. घड्याळ उत्तम, त्याबद्दल वाद नाही, पण माझ्या लेखी तो पांडा नाही, चष्मा लावलेला ससा आहे. काही कंपन्या तर चार आणि पाचच्या मधे तारखेची खिडकी कोरून सगळी मांडणीच बिघडवतात.

खऱ्या पांडातही एक खोट असते. चकचकीत स्टीलचे काटे पांढऱ्या डायलवर उन्हात गायब होतात. सबडायल लख्ख दिसतात आणि वाजले किती तेच कळत नाही! म्हणून माझं मत रिव्हर्स पांडाला. 1960 च्या दशकातल्या ब्राइटलिंग नॅव्हिटायमरमध्ये काळ्या डायलवर पांढऱ्या सबडायल आल्या. वैमानिकाचं घड्याळ ते, एका नजरेत वाचता आलं पाहिजे. काळ्यावर पांढरे काटे, पांढऱ्यावर काळे, कुठेच अडखळायला होत नाही. फोटोत पांडा जिंकतो, हे मात्र कबूल.

तरीही पांडाच हवा असेल तर काळ्या काट्यांचा, निदान काळी रेघ भरलेल्या काट्यांचा बघा. दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका, दारापर्यंत नेऊन उजेडात धरा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.